शुक्रवारची वाट

२९ सप्टेंबर २०२३ला शुक्रवार होता. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. डोंबिवलीतल्या आमच्या गल्लीत गुलाल पावसाने भिजून रस्त्याला चिकटला होता आणि मंडपवाले बांबू सोडवत होते. आत्या हॉलमधल्या दिवाणावर पाय लांब करून बसली होती. तिचा गुडघा बदलून तीन आठवडे झाले होते. आयुष्यात पहिल्यांदाच ती गणपतीत राजापूरला नव्हती, आणि ते तिला गुडघ्याहून जास्त दुखत होतं. रात्री मी तिला विचारलं, "जपानी कार्टून बघतेस?"

"लाव," ती म्हणाली. "मला झोप कुठे येतेय."

मी गेली बारा वर्षं अॅनिमे, म्हणजे ही जपानी कार्टून, बघते आहे. जपानी टीव्हीचं वर्ष चार सीझनमध्ये वाटलेलं असतं: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. या तीन-तीन महिन्यांच्या तुकड्याला तिथे 'कूर' म्हणतात. एका कूरमध्ये साधारण बारा-तेरा भाग बसतात. दर सीझनला कितीतरी नव्या मालिका येतात. त्यातल्या दहा-बारा मी चाखून बघते, चार-पाच शेवटपर्यंत नेते आणि वर्षाअखेरीस एखादी मनात राहते. २०२३चा शरद मात्र वेगळा गेला. मी पाहिलेल्या सगळ्या सीझनमध्ये तो मला सर्वांत जवळचा आहे. त्या ऑक्टोबरात दोन मालिका शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, आणि त्या बघताना शेजारी आत्या होती. या दोन्ही गोष्टी आता मला एकमेकींपासून सोडवता येत नाहीत.

त्या शुक्रवारी लागली ती 'सोसो नो फ्रीरेन'. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, कानेहितो यामादा यांची, चित्रं त्सुकासा आबे यांची. ती २०२०मध्ये 'शोनेन संडे' साप्ताहिकात सुरू झाली. अॅनिमे केली मॅडहाउस स्टुडिओने, दिग्दर्शक केइइचिरो साइतो. निप्पॉन टीव्हीने पहिले चार भाग एकत्र करून शुक्रवार रात्रीच्या सिनेमाच्या वेळेत दाखवले. त्या जागी एखाद्या मालिकेचा आरंभ त्याआधी कधीच झाला नव्हता. पुढचे भाग दर शुक्रवारी जपानातल्या रात्री अकराला, म्हणजे आपल्याकडे साडेसात वाजता लागत. आम्ही जेवणं उरकून बघायचो.

आत्याला जपानी येत नाही, आणि इंग्रजी सबटायटल तिच्या वाचण्याआधीच पुढे सरकतात. म्हणून मी दर वाक्याला थांबवून मराठीत सांगायला लागले. चोवीस मिनिटांचा भाग पाऊण तास चालायचा. पहिल्या रात्री मला वाटलं, याने सगळी गंमत जाणार. उलटंच झालं. ज्या वाक्यावरून मी एरवी सरळ पुढे गेले असते, तिथे मला योग्य शब्द सापडेपर्यंत थांबावं लागायचं, आणि तेवढ्या वेळात आत्याचा प्रश्न यायचा.

कथा सुरू होते तिथे बाकीच्या कथा संपतात. हिमेल नावाचा वीर, हायटर नावाचा पाद्री, आयझेन नावाचा बुटका लढवय्या आणि फ्रीरेन ही जादूगार, असे चौघे दहा वर्षांची मोहीम संपवून, दैत्यराजाला मारून राजधानीत परततात. फ्रीरेन एल्फ आहे, हजार वर्षांहून जास्त जगलेली. तिच्या लेखी दहा वर्षं म्हणजे एखादी सुट्टी. परतीच्या रात्री चौघे मिळून उल्कावर्षाव बघतात. तो पन्नास वर्षांतून एकदाच दिसतो. पुढच्या वेळी याहून चांगली जागा दाखवीन, असं फ्रीरेन सहज बोलून जाते आणि आपल्या वाटेने निघून जाते. पन्नास वर्षांनी परतते तेव्हा हिमेल म्हातारा झालेला असतो. डोक्यावरचे केस गेलेले, उंची खुजी झालेली. चौघे पुन्हा एकत्र उल्का बघतात. मग हिमेल मरतो. त्याच्या दफनाच्या वेळी फ्रीरेनचा चेहरा कोरडा. लोक कुजबुजतात. आणि मग एकाएकी ती फुटते. माणसाचं आयुष्य एवढंसं असतं हे माहीत असूनही मी याला अधिक जाणून का घेतलं नाही, असं काहीसं ती म्हणते.

हे मी मराठीत सांगितलं. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. बत्तीस वर्षं ती सरकारी रुग्णालयात सिस्टर होती. तिने किती मरणं पाहिली असतील, ते मी कधी विचारलं नाही. शेवटी म्हणाली, "सगळ्यांना माहीत असतं गं. माहीत असून काय उपयोग."

त्या दिवशी पौर्णिमा होती, दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष. जपानातल्या कुणी हे ठरवून केलेलं नाही हे उघड आहे. तरीही गेलेल्या माणसाची आठवण काढत चालणारी ही गोष्ट आमच्या घरात नेमकी तेव्हा आली, याचं मला आजही नवल वाटतं.

फ्रीरेन पुढे त्याच जुन्या मोहिमेच्या रस्त्याने उत्तरेकडे निघते. सोबत फर्न ही हायटरने वाढवलेली अनाथ मुलगी, आणि नंतर आयझेनचा शिष्य स्टार्क. जिथे आत्म्यांची भेट होते असं म्हणतात, तिथे पोचून हिमेलशी बोलायचं, एवढाच बेत. नावं जर्मन आहेत: हिमेल म्हणजे आकाश, फर्न म्हणजे दूर, स्टार्क म्हणजे बळकट, आणि फ्रीरेन म्हणजे गोठणं. रस्त्यात गावोगावी हिमेलचे पुतळे लागतात. आपल्या पश्चात फ्रीरेन एकटी पडू नये, म्हणून त्याने ते आधीच उभारून घेतलेले असतात. एका पुतळ्याभोवती त्याच्या गावाकडची निळी फुलं फुलवायची म्हणून ती महिनोन्महिने ते नाहीसं झालेलं फूल शोधत राहते. लढाया आहेत, आणि त्या झाल्या तेव्हा डोळ्यांचं पारणं फिटलं. धनत्रयोदशीच्या रात्रीचा, आउरा या राक्षसिणीशी झुंजीचा भाग तर मी आत्याला झोप लागल्यावर पुन्हा बघितला. पण मालिकेचा जीव आहे तो उशिरा उठणाऱ्या फ्रीरेनचे विस्कटलेले केस विंचरणाऱ्या फर्नच्या हातात. एव्हन कॉल यांचं संगीतही हे जाणून आहे. कुठे गप्प बसायचं हे त्यांना कळतं.

तिसऱ्या भागात क्वाल नावाचा एक राक्षस येतो. त्याने माणसं मारणारी अशी जादू शोधलेली असते की तिच्यापुढे कुठलंच कवच टिकत नाही. त्याला मारणं जमेना म्हणून हिमेलच्या टोळीने त्याला नुसतं बंदिस्त करून ठेवलं होतं. ऐंशी वर्षांनी तो जागा होतो आणि तीच जादू सोडतो. कोवळी फर्न ती सहज अडवते. कारण मधल्या ऐंशी वर्षांत माणसांनी त्या जादूचा इतका अभ्यास केलेला असतो की आता ती नेहमीची जादू म्हणून शिकवली जाते. काळाची इतकी साधी, इतकी नेमकी गोष्ट मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे. आत्या म्हणाली, "आम्ही ट्रेनिंगला होतो तेव्हा काचेच्या सिरिंजा उकळायचो. आत्ताच्या पोरींना सांगितलं तर खरं वाटत नाही."

भाषांतरातली एक गंमत सांगायलाच हवी. फर्न स्टार्कला 'स्टार्क-सामा' म्हणते. दोघं जवळपास एका वयाची, ती त्याच्यावर गाल फुगवून रुसते, आणि तरी हाक मारताना 'सामा', म्हणजे आदराने. इंग्रजीत याचं काय करायचं हा प्रश्नच आहे. मी आत्याला सांगितलं, ती त्याला आदरार्थी बोलते. आत्या हसली. "म्हणजे 'अहो स्टार्क' म्हणते होय? मग यांचं काही सांगायला नको." सहाव्या-सातव्या भागातच तिला कळलं होतं ते. आपल्या 'अहो'मध्ये जे आहे ते त्या 'सामा'त असेलच असं नाही, पण पडद्यावरच्या त्या दोघांना 'अहो' इतकं शोभून दिसलं की त्यानंतर मी दुसरं काही वापरलंच नाही.

दुसरी मालिका नवरात्रात आली, २२ ऑक्टोबरला, पहिले तीन भाग एकदम: 'कुसुरिया नो हितोरिगोतो', म्हणजे औषधवालीचं स्वगत. नात्सु ह्युगा यांच्या कादंबऱ्यांवरची, दिग्दर्शक नोरिहिरो नागानुमा. जुन्या चीनच्या धर्तीवरचा एक काल्पनिक देश, तिथलं राजाचं अंतःपुर, आणि पळवून आणून तिथे मोलकरीण म्हणून विकलेली माओमाओ. ती कलावंतिणींच्या वस्तीत औषधं करणाऱ्या दत्तक बापाकडे शिकलेली. विषाचं तिला इतकं वेड की स्वतःच्या डाव्या हातावर प्रयोग करते आणि वर पट्टी बांधून फिरते.

राजाची मुलं एकामागून एक दगावत असतात. सगळे म्हणतात, शाप आहे. मी सबटायटल पूर्ण वाचायच्या आत आत्या म्हणाली, "आईच्या अंगाला काय लावतात ते बघ." आणि तेच निघालं. चेहरा गोरा दिसावा म्हणून लावायची पांढरी पूड, आणि त्या पुडीत शिसं. माओमाओ दोन्ही राण्यांच्या खिडकीत एकेक फांदी आणि चिठ्ठी ठेवते: हे विष आहे, बाळाला शिवू देऊ नका. एक राणी, ग्योकुयो, ऐकते. दुसरी ऐकत नाही, आणि तिचं बाळ जातं.

"आम्ही आयांना काजळाचं सांगायचो," आत्या म्हणाली. "घालू नका बाळाच्या डोळ्यांत. हो हो म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी बाळ हे एवढं काजळ घालून पुढ्यात."

चौथ्या भागात ती दुसरी राणी, लिहुआ, स्वतः मरायला टेकलेली असते. पूड बंद करायचा हुकूम निघालेला असूनही तिची एक दासी ती लपवून लावत राहते, कारण त्याने राणीसाहेब सुंदर दिसतात. माओमाओ एरवी कुणाच्या अध्यात-मध्यात न पडणारी, पण त्या दासीवर ती अशी तुटून पडते की अंतःपुर हादरतं. मग पेज भरवण्यापासून सुरुवात करून ती राणीला उठून बसवते. मला हा भाग सबंध सीझनमधला सर्वांत मोलाचा वाटतो. यात जादू नाही, लढाई नाही. एक मुलगी बघते, ताडते, आणि चमच्याचमच्याने एका बाईला परत आणते. माओमाओला आवाज देणाऱ्या आओई युउकी तर अशा बोलतात की तुसडेपणाखालची माया ऐकू येते पण कधी उघडी पडत नाही. आत्याने तिथे मला थांबवू दिलं नाही. "चालू राहू दे. मला कळतंय," म्हणाली.

आवाजावरून आठवलं. फ्रीरेनला आवाज आहे अत्सुमी तानेझाकी यांचा. त्याच ऑक्टोबरात 'स्पाय बाय फॅमिली'चा दुसरा सीझन सुरू झाला, आणि त्यातली चिमुरडी आन्याही त्याच बोलतात. शुक्रवारी हजार वर्षांची एल्फ, शनिवारी शाळेत जाणारी पोर. मी हे सांगितलं तेव्हा आत्याचा विश्वास बसेना. मी दोन्हीतला एकेक तुकडा डोळे मिटून ऐकायला लावला. तरी बसला नाही.

आता थोडं बाकीच्यांबद्दल. 'जुजुत्सु कायसेन' या मालिकेतलं टोकियोतल्या शिबुयात घडणारं कथानक त्याच महिन्यांत चालू होतं. ३१ ऑक्टोबरच्या एका रात्रीत घडणारी ती कथा बघताना काही हाणामाऱ्यांत चित्रकलेने जे गाठलं ते थक्क करणारं आहे. पण नोव्हेंबरात तिच्यावर काम करणाऱ्या काही अॅनिमेटरांनीच अपुऱ्या वेळेबद्दल आणि ताणाबद्दल समाजमाध्यमांवर उघडपणे लिहिलं. ते वाचल्यापासून त्या मालिकेची सुंदर फ्रेम दिसली की ती काढणाऱ्याने किती रात्री जागवल्या असतील हेच मनात येतं. माणसांना एवढं पिळून काढलेलं सौंदर्य मला नको आहे, आणि हे प्रेक्षकांनी मोठ्याने म्हणायला हवं.

'मिगी अँड डाली' फार थोड्यांनी पाहिली. एका निपुत्रिक जोडप्याला एकच मुलगा दत्तक घेतोय असं भासवून दोन जुळे भाऊ त्यांच्या घरात राहतात, आळीपाळीने एकच मुलगा होऊन. विचित्र, हसवणारी आणि मध्येच काळजाला हात घालणारी गोष्ट. मूळ मांगा लिहिणाऱ्या नामी सानो ऑगस्ट २०२३मध्ये वारल्या. वय ३६. ऑक्टोबरात पहिला भाग लागला तेव्हा तो बघायला त्या नव्हत्या. तेरा भाग मी त्या जाणिवेनेच बघितले.

आणि 'प्लुटो'. ओसामु तेझुकांच्या 'अॅस्ट्रो बॉय'मधल्या एका कथेवरून नाओकी उरासावांनी केलेली मांगा, तिची ही अॅनिमे. २६ ऑक्टोबरला आठही भाग एकाच दिवशी आले, प्रत्येक जवळपास तासाभराचा. पहिल्याच भागात युद्धात वापरलेला एक यंत्रमानव आंधळ्या संगीतकाराच्या घरी नोकर म्हणून राहतो आणि त्याला पियानो शिकायचा असतो. त्या भागाने मला रडवलं. पण मी ती मालिका दोन रात्रींत संपवली. आज आठवायला बसले तर पहिला भाग लख्ख आठवतो, पुढचं सगळं धूसर. दोष मालिकेचा नाही. दोन भागांमध्ये तिला राहायला जागाच मिळाली नाही. फ्रीरेनचा एक भाग मात्र शुक्रवारी संपायचा आणि पुढचे सहा दिवस घरातच असायचा. भाजी निवडताना आत्या मध्येच विचारायची, "त्या आयझेनचं पुढे काय झालं असेल गं? एकटाच राहतो ना तो?" वाट बघणं हा या कलेचाच एक भाग आहे असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं. सगळे भाग एका दिवशी ओतून देणारे प्रेक्षकाचा वेळ वाचवतात, आणि त्याच्याकडून काहीतरी घेऊनही टाकतात.

८ डिसेंबरला चौदावा भाग आला. स्टार्क फर्नला वाढदिवसाला एक कंकण देतो. त्यावर कमळाच्या जातीच्या एका फुलाची नक्षी असते, आणि त्या फुलाचा अर्थ चिरंतन प्रेम असा असतो. स्टार्कला याचा पत्ताही नसतो. मग आपल्याला फ्रीरेनची आठवण दिसते. कितीतरी वर्षांपूर्वी एका दुकानात हिमेल तिला हवं ते घे म्हणतो, आणि ती सहज एक अंगठी उचलते. तीच नक्षी. हिमेल ती हातात घेतो, गुडघा टेकतो आणि तिच्या बोटात घालतो. तो एक शब्द बोलत नाही. तिला काही कळत नाही. मालिकाही तिथे काही समजावून सांगत नाही, आणि म्हणूनच मी तिला मानते.

टीव्ही बंद केल्यावर आत्या दिवाणावर बसून राहिली. मग म्हणाली, "मी नाइट करून घरी यायचे ना, तेव्हा तुझे काका पडवीत पेपर वाचत बसलेले असायचे. सुट्टी असो, पाऊस असो. मला वाटायचं, यांना घरात करमत नाही. वीस वर्षं मी हेच धरून चालले. ते गेल्यावर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, मी झोपलेली असायचे म्हणून ते तिथे बसायचे. कुणी आलं की ओठावर बोट ठेवायचे."

मी काही बोलले नाही. तिने पांघरूण ओढून घेतलं.

संक्रांत झाल्यावर ती राजापूरला परत गेली. गुडघा छान झाला होता. त्याच सुमारास फ्रीरेनमध्ये पहिल्या श्रेणीच्या जादूगारांची परीक्षा सुरू झाली. नवनवी पात्रं, गट, नियम, झुंजी. तो भाग मला कमी भावला. रस्ता थांबला की ही मालिका थोडी इतर मालिकांसारखी दिसायला लागते. बायकोच्या थडग्यापर्यंत पोचता यावं एवढ्याचसाठी परीक्षेला बसलेला म्हातारा डेंकेन नसता तर मी आणखी नाराज झाले असते. हेही खरं की ते भाग मी एकटीने बघितले, न थांबवता, चोवीस मिनिटांत.

२२ मार्चला अठ्ठाविसावा, पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग झाला. मी लगेच फोन लावला. सगळं सांगितलं. फर्न उत्तीर्ण झाली. उत्तीर्ण होणाऱ्याला एक वर मिळतो, जगातली हवी ती जादू मागता येते. आणि शेवटी सगळे आपापल्या वाटेने जातात.

"रडलं का कुणी?" तिने विचारलं.

"नाही. हिमेल म्हणायचा तसं. रडून निरोप घेतला तर पुढे भेटल्यावर लाज वाटेल."

"आणि त्या पोरीने काय मागितलं?"

"कपडे स्वच्छ करायची जादू. एकही डाग राहत नाही, आणि छान वास येतो."

पलीकडे क्षणभर शांतता होती. बत्तीस वर्षं रोज रात्री पांढरी साडी धुवायची, नीळ द्यायची, खळ करायची, आणि सकाळी ती पुन्हा रक्ताने, औषधाने भरायची.

"बरोबर मागितलंन्," आत्या म्हणाली. "अगदी बरोबर मागितलंन्."